शेरीपासून बनणारी लाल वर्मुथ: हेरेस शहराने विसरलेली आणि पुन्हा आठवलेली चव

१.
स्पेनच्या नैर्ऋत्येला, अटलांटिक महासागराच्या खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात हेरेस दे ला फ्रोंतेरा हे शहर वसले आहे. जगभर ‘शेरी’ म्हणून ओळखली जाणारी वाइन याच शहराची. मात्र एकेकाळी येथील कोठारांत शेरीपासून आणखी एक पेय बनत असे: लाल, गोड आणि घोटाच्या शेवटी कडवट लागणारी वर्मुथ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती जवळजवळ नामशेष झाली आणि २०१५ च्या सुमारास पुन्हा बाजारात आली. आज तिच्या बाटलीवर ‘परंपरा’ हा शब्द मिरवला जातो. ही परंपरा नेमकी किती जुनी, ती मध्येच का तुटली आणि पुन्हा का जोडली गेली, याचा मागोवा या धाग्यात घेऊ.

२.
प्रथम व्याख्या. वर्मुथ म्हणजे वनस्पतींनी सुगंधित केलेली आणि मद्यार्क मिसळून बळकट केलेली वाइन. युरोपीय संघाच्या नियमांनुसार तिच्यात किमान ७५ टक्के भाग वाइनचा असावा लागतो आणि मद्यार्काचे प्रमाण १४.५ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते. आणखी एक अट आहे: तिची चव ‘आर्टेमिसिया’ प्रजातीच्या वनस्पतीमुळे आलेली असली पाहिजे. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा आपला दवणा याच प्रजातीतला. वर्मुथसाठी वापरली जाते ती त्याची युरोपातली अतिशय कडू बहीण. जर्मन भाषेत तिला ‘वेर्मूट’ म्हणतात. पेयाचे नाव तिच्यावरूनच पडले.

३.
या कडू वनस्पतीने वाइन सुवासित करण्याची कल्पना मात्र जर्मनांची नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन लेखकाने शेतीवर बारा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या खंडात या वनस्पतीच्या औषधी वाइनची कृती आढळते. कोलुमेलाचा जन्म गादेस येथला. गादेस म्हणजे आजचे कादिझ, हेरेसपासून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर. हा योगायोग सुंदर आहे, परंतु त्यावरून ‘दोन हजार वर्षांची अखंड परंपरा’ सिद्ध होत नाही. एका प्रदेशात एखादी गोष्ट दोनदा घडली, म्हणून मधला सारा काळ ती घडतच होती असे मानता येत नाही. हा मुद्दा लक्षात असू द्यावा, पुढे तो पुन्हा येईल.

४.
आठव्या शतकात हा प्रदेश मुस्लिम सत्तेखाली आला आणि शहराचे नाव झाले शरीश. ‘शेरी’ हा इंग्रजी शब्द याच नावाचा अपभ्रंश. इस्लामी राजवटीतही द्राक्षवेली टिकल्या. परंपरेने असे सांगितले जाते की ९६६ मध्ये खलिफा दुसरा अल-हकम याने वेली उपटण्याचा हुकूम काढला, तेव्हा शरीशच्या रहिवाशांनी बचाव केला की आमची द्राक्षे सुकवून मनुका होतात आणि त्या सैन्याला पोसतात. मग फक्त एक तृतीयांश वेली उपटल्या गेल्या. कथेतला तपशील किती खरा हे बाजूला ठेवले, तरी सुकवलेल्या द्राक्षांचा धागा महत्त्वाचा आहे. लाल वर्मुथमधला गोडवा त्यांतूनच येतो.

५.
१२६४ मध्ये कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने शहर जिंकले. पुढील शतकांत शेरीचा सर्वांत मोठा ग्राहक ठरला इंग्लंड, अगदी शत्रुत्वाच्या काळातही. १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने कादिझवर हल्ला केला आणि लुटीत शेरीची सुमारे २,९०० पिंपे नेली. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ रंगभूमीवर या वाइनचे गुणगान गाताना दिसतो. हेरेसमधील अनेक मोठ्या पेढ्यांच्या नावांत इंग्रजी आडनावे आहेत ती या व्यापारामुळे. १८३५ मध्ये मानुएल मारिया गोंझालेझ याने स्थापन केलेल्या पेढीत पुढे तिचा लंडनमधला प्रतिनिधी रॉबर्ट बायस भागीदार झाला आणि ‘गोंझालेझ बायस’ हे नाव रूढ झाले.

६.
आता शेरीची घडण, कारण वर्मुथची चव समजण्यासाठी ती आवश्यक आहे. हेरेसची चुनखडीची पांढरीशुभ्र माती, ‘अल्बारिसा’, हिवाळ्यातला पाऊस शोषून धरते आणि कोरड्या उन्हाळ्यात वेलींना पुरवते. तिच्यावर पालोमिनो ही पांढरी द्राक्षे वाढतात. त्यांची वाइन मद्यार्क मिसळून सुमारे १५ टक्क्यांवर आणली, तर पिंपात तिच्यावर यीस्टची पांढरी साय धरते. या सायीला ‘फ्लोर’ म्हणजे फूल म्हणतात. साय वाइनला हवेपासून वाचवते आणि फिकट, कोरडी ‘फिनो’ तयार होते. मद्यार्क १७ टक्क्यांवर नेला, तर साय धरतच नाही. वाइन हवेच्या संपर्कात हळूहळू गडद होते. ती ‘ओलोरोसो’. आधी सायीखाली आणि नंतर उघड्या हवेत मुरलेली ती ‘अमोंतियादो’.

७.
मुरवण्याची पद्धतही आगळी आहे. पिंपे थरांत रचलेली असतात. बाटलीत भरण्यासाठीची वाइन सर्वांत जुन्या, बहुधा खालच्या थरातून काढतात. या थराला ‘सोलेरा’ म्हणतात. त्यातली जागा वरच्या थरातल्या वाइनने भरायची, त्या थरातली जागा त्याहून वरच्या थरातल्या वाइनने. कोणतेही पिंप कधीच पूर्ण रिकामे होत नाही. त्यामुळे शेरीच्या बाटलीवर सहसा एक विशिष्ट साल नसते, फार तर सरासरी वय सांगता येते. घरातले विरजण जसे पिढ्यान्‌पिढ्या चालत येते, तसे येथे जुन्या वाइनचा थोडा अंश नव्या वाइनमध्ये सतत उतरत राहतो.

८.
तिसरा घटक गोडव्याचा. पेद्रो खिमेनेझ या जातीची पांढरी द्राक्षे तोडून चटयांवर कडक उन्हात पसरतात. काही दिवसांत ती आक्रसून मनुकांसारखी होतात. त्यांच्या दाट रसापासून काकवीसारखी गडद वाइन तयार होते. तिच्यात दर लिटरला ४०० ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते. तिचा एक थेंब जिभेवर ठेवला तर मनुका, अंजीर आणि खजूर एकत्र आठवतात. हेरेसची लाल वर्मुथ प्रामुख्याने या दोन टोकांच्या मिलाफातून बनते: हवेत मुरलेली कोरडी शेरी आणि उन्हात सुकलेल्या द्राक्षांची गोड शेरी. दोन्हींचे मूळ पांढऱ्या द्राक्षांत आहे. तांबूस रंग येतो तो हवेतून आणि उन्हातून.

९.
आधुनिक वर्मुथचा जन्म मात्र हेरेसमध्ये झाला नाही. तो मान इटलीतील तोरिनो शहराला दिला जातो. १७८६ मध्ये आंतोनिओ बेनेदेत्तो कार्पानो याने तेथे गोड वर्मुथ विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तोरिनो आल्प्सच्या पायथ्याशी असल्याने पर्वतातली कडू मुळे-पाने सहज मिळत. शिवाय बंदरांतून दालचिनी, लवंग आणि जायफळ येत असे. औषधी कडूपणा आणि साखर यांचा समतोल साधला गेला आणि वैद्याच्या फडताळातली वाइन चौकातल्या उपाहारगृहात जाऊन बसली. १८१३ मध्ये फ्रान्समध्ये झोझेफ न्वायी याने कोरड्या, फिकट वर्मुथची शैली रूढ केली. ‘इटालियन म्हणजे गोड, फ्रेंच म्हणजे कोरडी’ ही विभागणी तेव्हापासूनची.

१०.
येथे एक महत्त्वाचा फरक नोंदवला पाहिजे. बहुतेक व्यापारी वर्मुथमध्ये पायाभूत वाइन मुद्दाम सौम्य, जवळजवळ निर्गुण निवडतात, म्हणजे वनस्पतींचा आवाज स्वच्छ ऐकू यावा. लाल रंगासाठी जळवलेली साखर वापरणे ही सर्रास रीत. हेरेसच्या वर्मुथमध्ये पायाच बोलका आहे. वर्षानुवर्षे मुरलेल्या शेरीला स्वतःची अक्रोडासारखी, जुन्या लाकडासारखी चव असते. वनस्पती तिच्यावर झाकण घालत नाहीत, तिच्याशी संवाद करतात. त्यामुळे ‘वाइन बिघडली की तिची वर्मुथ करतात’ हा जुना टोमणा येथे लागू पडत नाही.

११.
मग शेरी विकणाऱ्या शहराला वर्मुथ बनवावीशी का वाटली? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या घडामोडींत याचे उत्तर शोधावे लागते. १८७३ च्या सुमारास हेरेसची निर्यात शिखरावर होती. त्यानंतर घसरण सुरू झाली. स्वस्त नकली शेरी बाजारात शिरली होती. त्यातच ‘शेरी आरोग्याला अपायकारक’ अशी चर्चा लंडनच्या वृत्तपत्रांत रंगली. १८९४ मध्ये फिलॉक्सेरा ही द्राक्षवेलींची मुळे खाणारी कीड हेरेसच्या मळ्यांत पोहोचली. याच पडत्या काळात येथील पेढ्या ब्रँडीकडे वळल्या आणि वर्मुथही बनवू लागल्या. गोंझालेझ बायसच्या संग्रहातल्या वर्मुथच्या कृती १८९६ च्या असल्याचे पेढी सांगते. हे साल किडीच्या आगमनानंतर दोनच वर्षांचे आहे. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नसला, तरी काळाचा संदर्भ बोलका आहे.

१२.
गंमत अशी की, शेरी आणि गोड वर्मुथ यांची भेट त्याआधीच अटलांटिकच्या पलीकडे झाली होती. १८८४ मध्ये न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर ‘अडोनिस’ ही संगीतिका आली आणि तिचे सहाशेहून अधिक प्रयोग झाले. तिच्या नावाचे एक मिश्रपेय लोकप्रिय झाले: कोरडी शेरी, गोड लाल वर्मुथ आणि संत्र्याचा कडू अर्क. पेला ढवळणाऱ्याला जे सुचले, ते हेरेसच्या कोठारात पिंपाच्या पातळीवर घडले, असे म्हणता येईल.

१३.
स्पेनमध्ये वर्मुथला घर मिळाले ते विशेषतः कॅटलोनियात. तेथील रेउस शहर तिच्या उत्पादनाचे केंद्र बनले. १९०२ मध्ये बार्सिलोनात ‘काफे तोरिनो’ सुरू झाले. त्याच्या सजावटीत वास्तुविशारद गौदीचाही सहभाग होता. हळूहळू रविवारची प्रार्थना आटोपल्यावर, दुपारच्या जेवणाआधी मित्रपरिवारासह वर्मुथ घेण्याची रीत पडली. ‘वर्मुथची वेळ’ हा शब्दप्रयोग स्पॅनिशमध्ये इतका रुळला की, पेल्यात दुसरे काही असले तरी वेळेचे नाव तेच राहिले. सोबत ऑलिव्ह, खारवलेले छोटे मासे, डब्यातले शिंपले. कडूपणाने भूक चाळवते ही जुनी वैद्यकीय समजूत येथे सामाजिक शिष्टाचार झाली.

१४.
औषध आणि चैन यांच्यातली सीमारेषा किती पुसट होती, याचे आणखी एक उदाहरण. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, किंबहुना त्यानंतरही, स्पेनमध्ये सिंकोनाच्या सालीची गोड वाइन लहान मुलांना भूक लागावी म्हणून चमचाभर दिली जाई. ही साल म्हणजे कोयनेलचा स्रोत. आज हे वाचून धक्का बसतो. पण द्राक्षासवाच्या बाटलीवर ‘टॉनिक’ वाचत वाढलेल्या समाजाला त्यामागची मानसिकता अगदीच अपरिचित नाही.

१५.
हेरेसची वर्मुथ मात्र मागे पडली. रेउसची आणि इटालियन पेढ्यांची वर्मुथ स्वस्त होती, तिच्या जाहिरातीही मोठ्या होत्या. शिवाय विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शेरीची मागणी पुन्हा वाढली. ब्रिटन आणि हॉलंडमध्ये गोड शेरीचा खप प्रचंड होता. जी वाइन थेट विकली जाते, तिच्यात वनस्पती भिजवत बसण्याचे कारण उरले नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस निर्यातीने पुन्हा शिखर गाठले. पेढ्यांच्या संग्रहांतल्या कृती संग्रहांतच राहिल्या.

१६.
पुढची घसरण अधिक खोल होती. रुइझ-मातेओस या उद्योगपतीच्या ‘रुमासा’ समूहाने हेरेसमधल्या अनेक पेढ्या विकत घेऊन स्वस्त शेरीचा पूर आणला होता. फेब्रुवारी १९८३ मध्ये स्पॅनिश सरकारने तो समूहच ताब्यात घेतला. दरम्यान परदेशी ग्राहकांच्या लेखी शेरी म्हणजे आजीच्या कपाटातली गोड बाटली झाली. वीस हजार हेक्टरांहून अधिक असलेले द्राक्षमळे आटत गेले आणि आज सात हजार हेक्टरांच्या आसपास उरले आहेत. आकड्यांमागे माणसे असतात: वेली छाटणारे, पिंपे बनवणारे, कोठारात थरांची निगा राखणारे. एका पेयाची प्रतिष्ठा घसरते तेव्हा या कसबांना गिऱ्हाईक उरत नाही.

१७.
या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये ‘लुस्ताउ’ पेढीने अमोंतियादो आणि पेद्रो खिमेनेझ यांच्या मिश्रणाची लाल वर्मुथ आणली. पाठोपाठ २०१६ मध्ये गोंझालेझ बायसने ‘ला कोपा’ हे जुने नाव पुन्हा जिवंत केले. तिचा पाया ओलोरोसो आणि पेद्रो खिमेनेझचा, सरासरी आठ वर्षांहून अधिक मुरलेला. माद्रिद-बार्सिलोनातली तरुण पिढी तेव्हा ‘वर्मुथची वेळ’ नव्या उत्साहाने पाळू लागली होती. हेरेसकडे जुनी, उत्तम वाइन भरपूर होती आणि ग्राहक कमी. परंपरेला नेमक्या या क्षणी जाग आली.

१८.
आता चव. बाटली थंड करून, लहान पेल्यात, आरंभी बर्फाशिवाय थोडीशी ओतावी. रंग महोगनीच्या लाकडासारखा, कडेला किंचित विटकरी. पेला नाकाजवळ नेताच प्रथम संत्र्याची साल आणि दालचिनी येते. क्षणभर थांबल्यावर त्याखालून भाजलेला अक्रोड आणि जुन्या सागवानी कपाटाचा गंध वर येतो. ती मुरलेली शेरी. जिभेवर पहिला स्पर्श मनुका-अंजिराच्या गोडीचा. मग शेरीचा कोरडेपणा ती गोडी आवरून धरतो, त्यामुळे पाकासारखा चिकटपणा जाणवत नाही. आणि घोट उतरल्यानंतर, जिभेच्या मागच्या भागात, कडूपणा सावकाश उमलतो.

१९.
हा कडूपणा एकसुरी नसतो. आर्टेमिसियाचा कडूपणा हिरवा, पानांचा असतो. जेन्शनच्या मुळाचा कडूपणा मातकट आणि लांबणारा. जेन्शन आपल्या किराईताच्या कुळातले, एवढे सांगितले की मराठी जिभेला कल्पना यावी. दुसऱ्या घोटाला बर्फाचा खडा आणि संत्र्याची चकती घालावी: गोडी मागे सरते, मसाले पुढे येतात. खारट ऑलिव्हसोबत घेतल्यास अक्रोडाची चव अधिक उठून दिसते. उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवून दोन-तीन महिन्यांत संपवणे इष्ट, कारण शेवटी ती वाइन आहे.

२०.
शेरीच्या इतिहासात भारतही डोकावतो. पूर्वी शेरीची पिंपे जहाजांच्या तळाशी घालून पूर्वेकडे पाठवली जात आणि काही परतही येत. उष्णता आणि हेलकावे यांनी वाइन अधिक मऊ होते, असा समज होता. ‘ईस्ट इंडिया’ हे नाव मिरवणारी गोड शेरी आजही मिळते. तीही ओलोरोसो आणि पेद्रो खिमेनेझ यांच्या मिश्रणाचीच असते. तिच्यात वनस्पती पडल्या असत्या तर ती वर्मुथची सख्खी बहीण ठरली असती.

२१.
आता सुरुवातीचा प्रश्न. ही परंपरा खरी की बाजाराची क्लृप्ती? इतिहासाचा अभ्यासक या दोहोंतून एकाची निवड करण्याची घाई करणार नाही. कृती जुन्या असू शकतात, पण दशकानुदशके ती चव कोणाच्याही रोजच्या जिभेवर नव्हती. ज्याने १८९६ ची वर्मुथ चाखली आणि २०१६ चीही, असा माणूस अस्तित्वात नाही. वनस्पतींची यादी कागदावर टिकते. कडूपणा कुठे थांबवावा, हे हातावर आणि जिभेवर टिकते, आणि ती साखळी तुटली होती. म्हणून ‘अखंड परंपरा’ हा दावा चुकीचा आहे. ‘पुनर्रचना’ हा शब्द अधिक प्रामाणिक ठरेल.

२२.
तुटले नाही ते वेगळेच आहे: सोलेरा. वर्मुथ बनत नव्हती त्या काळातही कोठारातली पिंपे भरली जात होती, थरांमधून वाइन उतरत होती, साय धरत होती. कृती विस्मरणात गेली तरी तिचा पाया रोज राखला जात होता, तोही असा कामगारांकडून ज्यांची नावे बाटलीवर कधीच येत नाहीत. हेरेसच्या लाल वर्मुथमध्ये सर्वांत जुने जे काही आहे ते त्यांच्या श्रमाचे आहे. लेबलावरचे साल वाचून झाले की घोटातला तो अक्रोडाचा गंध शोधावा. तो १८९६ चा नव्हे, पण मधली कित्येक वर्षे त्यात आहेत.

(धागा समाप्त. पुढील धागा: फिलॉक्सेराने युरोपचे मळे कसे उद्ध्वस्त केले आणि अमेरिकी वेलींच्या मुळांनी ते कसे वाचवले.)